जुना सात नंबर : झिरो माइल ते पैनगंगा

नागपूरच्या विधानभवनाजवळ झिरो माइलचा दगडी स्तंभ उभा आहे. सोबतीला चार घोडे आणि षट्कोनी चौथऱ्यावर कोरलेली काही गावांची अंतरे. ही अंतरे किलोमीटरमध्ये नाहीत, मैलांमध्ये आहेत. दशमान पद्धती येण्यापूर्वीचा तो हिशेब आहे. त्यात हैदराबादचे अंतर ३१८ मैल दिले आहे. या ३१८ मैलांपैकी जेमतेम पन्नास मैल यवतमाळ जिल्ह्याच्या वाट्याला येतात. वर्धा नदी ओलांडली की जिल्हा सुरू होतो आणि पैनगंगा ओलांडली की जिल्ह्याबरोबर राज्यही संपते. पण या पन्नास मैलांनी जिल्ह्याच्या पूर्व भागातील किती दुकाने चालवली आणि किती दुकानांना कुलूप लावले, याचा ताळेबंद कोणी मांडलेला नाही.

सरकारी कागदांत हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे. जुन्या पिढीच्या तोंडी मात्र अजूनही ‘सात नंबर’च. वाराणसीहून निघून जबलपूर, नागपूर, हैदराबाद, बंगळूर करीत कन्याकुमारीला पोहोचणारा, सुमारे २,३७० किलोमीटरचा राष्ट्रीय महामार्ग ७ हा एकेकाळी देशातील सर्वांत लांब महामार्ग होता. २०१० मध्ये महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हा श्रीनगर ते कन्याकुमारी अशी एकच ओळ आखून तिला ४४ हा आकडा दिला गेला आणि नागपूर-हैदराबादचा तुकडा त्या ओळीत सामावला. सात हा आकडा तिकडे पंजाब-उत्तराखंडच्या रस्त्याला गेला. खातेक्रमांक बदलला तरी खातेदार तोच राहतो, तसेच हे झाले.

महामार्गांच्या वर्गवारीचा इतिहासही नागपूरशीच जोडलेला आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. १९४३ च्या डिसेंबरात देशभरातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली होती. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही जी उतरंड आज प्रत्येक तहसीलच्या नकाशावर दिसते, ती त्या परिषदेने ठरविली. ‘नागपूर योजना’ याच नावाने ती ओळखली जाते.

जुन्या रस्त्यावरून केवळ रस्त्यासाठी प्रवास करणे ही कल्पना आपल्याकडे नवी वाटेल. अमेरिकेत तो मोठा शौक आहे. तेथील ‘रूट ६६’ हा रस्ता ११ नोव्हेंबर १९२६ रोजी अस्तित्वात आला. २०२६ हे त्याचे शताब्दी वर्ष. शिकागोपासून प्रशांत महासागराच्या काठावरील सांता मोनिकापर्यंत, आठ राज्यांतून जाणारा हा रस्ता सुमारे ३,९४० किलोमीटरचा होता. आज तो सरकारी यादीत नाही, तरीही जगभरातून लोक येतात, गाडी भाड्याने घेतात आणि त्याचा एखादा तुकडा दिवसभरात पार करतात. वाटेत काय पाहतात? टेक्सासमध्ये जमिनीत नाक खुपसून पुरलेल्या दहा कॅडिलॅक मोटारी, ओक्लाहोमातील तळ्याच्या काठचा सिमेंटचा निळा देवमासा, ॲरिझोनातील तंबूच्या आकाराच्या खोल्यांचे लॉज. यांतले एकही स्थळ तीर्थक्षेत्र नाही, किल्लाही नाही. मोटारवाल्याने थांबावे आणि थांबल्यावर चार पैसे खर्च करावेत, यासाठी रस्त्याकाठच्या लोकांनी लढविलेल्या युक्त्यांचीच ही परंपरा आहे. व्यापारी मनाला ती चटकन समजेल.

त्याच नजरेने नागपूर ते पैनगंगा हा प्रवास एका दिवसात करता येतो. मोसम कार्तिकाचा निवडावा. हवा कोरडी असते, कापूस घरी येत असतो आणि रस्ता कामाला लागलेला असतो.

नागपूर सोडल्यावर बुटीबोरीला दोन वाटा फुटतात. उजवीकडची वर्धा-यवतमाळकडे जाते, सरळ जाणारी हैदराबादकडे. येथेच एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. यवतमाळ जिल्ह्यातील सर्वांत मोठा रस्ता यवतमाळ शहराला शिवतच नाही. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मुर्तिजापूरहून येणाऱ्या नॅरोगेज शकुंतलेवर वाढले, कापसाच्या गासड्या तिनेच वाहिल्या. आणि हमरस्ता मात्र पूर्वेकडून, राळेगाव आणि केळापूर तालुक्यांतून निघून गेला. जिल्ह्यातील पेठांचे स्वभाव वेगवेगळे का, याचे निम्मे उत्तर या एका गोष्टीत आहे.

बोरखेडीचा टोल, मग जाम चौरस्ता, जेथून वरोरा-चंद्रपूरची वाट डावीकडे निघते. भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाणारी नागपूरची कुटुंबे येथे वळतात. सरळ जाणाऱ्यांना पुढे हिंगणघाट लागते.

हिंगणघाटचे नाव एकेकाळी इंग्लंडच्या कापूसबाजारात भावाच्या पत्रकात छापले जाई. ‘हिंगणघाट’ ही कापसाची जातच मानली जात होती. गिरण्या आल्या, पेढ्या आल्या, मारवाडी-गुजराती घराणी स्थिरावली. हे सारे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. पण या गावात रस्त्याच्या इतिहासातील एका माणसाची कबर आहे, ती किती जणांनी पाहिली असेल, शंकाच आहे.

विल्यम लॅम्बटन हे त्या माणसाचे नाव. १८०२ मध्ये मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपासून त्याने भारताच्या भूमापनाला प्रारंभ केला. एक पायारेषा मोजायची, तिच्यावर त्रिकोण उभारायचा, त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा, असे त्रिकोणांचे जाळे विणत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकायचे. कोन मोजण्याचे त्याचे यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. ते बैलांच्या आणि माणसांच्या जोरावर टेकड्यांवर, देवळांच्या शिखरांवर चढवावे लागे. वीस वर्षे हे काम करून लॅम्बटन हैदराबादहून नागपूरला, नवे ठाणे मांडण्यासाठी निघाला आणि वाटेत हिंगणघाटला जानेवारी १८२३ मध्ये मरण पावला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने तेच काम हिमालयापर्यंत नेले. जगातील सर्वोच्च शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. ज्याने पहिली रेषा ओढली तो हिंगणघाटला राहिला. झिरो माइलचा स्तंभ हे त्याच महासर्वेक्षणाचे चिन्ह आहे. म्हणजे ज्या दगडापासून हा प्रवास सुरू होतो त्या दगडामागचे शास्त्र या देशात रुजविणारा माणूस, त्याच रस्त्यावर सुमारे पाऊणशे किलोमीटरवर विसावला आहे. अमेरिकेत असते, तर पाच मैल आधीपासून फलक लागले असते आणि कबरीशेजारी चहाचे दुकान, त्रिकोणी आकाराची बिस्किटे आणि पितळी दुर्बिणी विकायला ठेवलेल्या असत्या. आपल्याकडे चौपदरी रस्ता गावाला बाहेरून वळसा घालतो, आणि ताशी नव्वदच्या वेगाने जाणाऱ्याला हिंगणघाट ही फक्त हिरव्या पाटीवरची पाच अक्षरे असतात.

दारोड्याचा टोल, वडनेर, आणि मग वर्धा नदीचा लांब पूल. पात्र रुंद, कार्तिकात पाणी संथ. पूर्वी ही नदी दोन मुलखांची सीमा होती. अलीकडे मध्य प्रांत, पलीकडे वऱ्हाड. निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, पण कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली. १९०२ च्या करारानंतर ते मध्य प्रांताला जोडले गेले. यवतमाळ जिल्हा तेव्हा ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये पुनर्रचना होऊन त्याला आजचे नाव मिळाले. आज ही नदी आणखी एका गोष्टीची सीमा आहे. वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या वास्तव्याच्या स्मरणार्थ १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, यवतमाळ जिल्ह्यात ती नाही. एका पुलाने कायदा बदलतो, आणि कायदा बदलला की दुकानांच्या पाट्याही बदलतात. यावर अधिक भाष्य नको.

पूल ओलांडल्यावर वडकी. येथील राळेगाव तालुक्याने २०१८ मध्ये देशभरच्या वर्तमानपत्रांत जागा मिळविली, ती कापसामुळे नव्हे. टी-१ या क्रमांकाची, लोकांनी ‘अवनी’ म्हटलेली वाघीण तेरा माणसांच्या मृत्यूस कारणीभूत असल्याचे सांगितले गेले. कापूस वेचायला बायका शेतात जाईनाशा झाल्या. न्यायालयापर्यंत वाद गेला आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. तिला दोन बछडे होते. शहरात बसून हळहळणे सोपे होते आणि बोराटीत राहून सुटकेचा श्वास टाकणेही स्वाभाविक होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

देवधरीच्या घाटात रस्ता चढतो, सागाचे रान दोन्ही बाजूंनी जवळ येते. हा घाट ट्रकचालकांना चांगला परिचित आहे. घाटानंतर करंजी. परिसरात या गावाला ‘करंजी रोड’ म्हणतात. रस्ता गावाचे आडनाव होऊन बसावा, असे हे उदाहरण. येथून मारेगाव-वणी-घुग्घुसमार्गे चंद्रपूरकडे वाट फुटते आणि वणीच्या खाणींतील कोळसा वाहणारे ट्रक त्या तिठ्यावर हमरस्त्याला मिळतात. ज्या गावात दोन वाटा भेटतात तेथे चहा, पंक्चर, ग्रीस आणि मोबाइलचे रिचार्ज यांचे दुकान चालतेच. त्यासाठी बाजारपेठेचा अभ्यास करावा लागत नाही.

पांढरकवडा मात्र थांबण्याजोगे आहे आणि थांबून विचार करण्याजोगेही.

तालुक्याचे नाव केळापूर, कचेरी पांढरकवड्याला. ही जोडगावे एकमेकांना खेटून आहेत. केळापूरला जगदंबेचे जुने देवस्थान, नवरात्रात तेथे नदीपलीकडून तेलुगू बोलणारे भाविकही येतात. पांढरकवडा ही पेठ. कापसाचे जिनिंग, अडत, बियाणे-खते, कापड, किराणा, सोने. रेल्वे या पेठेत कधी आली नाही. जे काही आले ते रस्त्यानेच आले. एकेकाळी सात नंबर गावालगत, वस्तीच्या अंगाअंगाने जात असे. हैदराबादहून निघालेला ट्रक येथे जेवणाला थांबे, एसटी थांबे, क्लीनर टायर ठोकून पाही, आणि तेवढ्या वेळात कोणी चप्पल घेई, कोणी बॅटरीचे सेल, कोणी घरी नेण्यासाठी सीताफळांची टोपली. मग उत्तर-दक्षिण महामार्गाची योजना आली, रस्ता चौपदरी झाला आणि बाजारपेठ बाजूला ठेवून बाहेरून निघून गेला.

वळणरस्ता झाला की गाव मरते, असे सर्रास म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही. रस्त्यावरच्या कोणत्याही पेठेचा हिशेब बारकाईने पाहिला, तर तिच्यात वेगवेगळ्या तऱ्हेची दुकाने आढळतात. काही दुकाने निव्वळ रहदारीवर जगतात : हॉटेल, टायर, सुटे भाग, पानठेला. त्यांचा ग्राहक आज आला, उद्या येईलच असे नाही. त्याचे नाव दुकानदाराला ठाऊक नसते. रस्ता सरकला की ही दुकाने एका हंगामात बसतात, आणि त्यांना जागेच्या दर्शनी भागाकडे पाहून दिलेली कर्जेही त्यांच्याबरोबर बसतात. दुसरी दुकाने भोवतालच्या खेड्यांवर जगतात. किराणा, कापड, सोने, बियाणे यांचा ग्राहक मंगळवारच्या किंवा शनिवारच्या बाजारी येतो, त्याच्या बापाचे खाते याच वहीत होते, लग्नाचा बस्ता तो येथेच बांधतो. त्याला हमरस्त्याशी देणेघेणे नसते. उलट ट्रकांची गर्दी हटली म्हणून तो अधिक निवांत येतो. आणि तिसरी, जिनिंग आणि गोदामे, यांना रस्त्याची गरज असते पण गावाची नसते. ती स्वतःच उठून नव्या रस्त्याच्या कडेला जातात. म्हणजे वळणरस्ता सर्वांना सारखा लागू पडत नाही. ज्याची विक्री ओळखीवर उभी आहे तो टिकतो. ज्याची विक्री केवळ वाटेवर उभी आहे त्याने वाटेबरोबर चालायला शिकावे लागते.

चालायला शिकणे तितके सोपेही नाही. नवा रस्ता म्हणजे जुन्या रस्त्याची रुंद आवृत्ती नव्हे. त्याला दुभाजक आहे, जागोजागी कठडे आहेत, थेट रस्त्यावर दुकान उघडता येत नाही. पेट्रोलपंपाला किंवा ढाब्याला महामार्ग प्राधिकरणाची परवानगी लागते, आत-बाहेर जाण्यासाठी वेगळी मार्गिका बांधावी लागते. जागा मोठी लागते, भांडवल मोठे लागते. चार खाटा आणि एक चूल यांवर सुरू होणारा ढाबा या रस्त्यावर उभा राहू शकत नाही. गावातील हॉटेलवाल्याची जागा म्हणूनच गावातील हॉटेलवाला घेत नाही. ती बहुधा बाहेरून आलेले भांडवल घेते.

अमेरिकेतील रूट ६६ वर हेच घडले, फक्त अधिक मोठ्या प्रमाणावर. १९५६ मध्ये तेथे आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. योगायोग असा की, भारताचा राष्ट्रीय महामार्ग कायदाही १९५६ चाच. नवे रुंद रस्ते जुन्या रस्त्याला समांतर धावू लागले आणि एकेक गाव बाजूला पडत गेले. ॲरिझोनातील सेलिगमन या लहानशा गावाची पाळी २२ सप्टेंबर १९७८ रोजी आली. त्या दिवशी नवा रस्ता सुरू झाला आणि गावातून जाणारी रहदारी जणू नळ बंद करावा तशी थांबली. शेवटचे गाव विल्यम्स, १९८४ मध्ये बाजूला पडले आणि पुढच्याच वर्षी रूट ६६ हे नाव सरकारी यादीतून काढून टाकण्यात आले. मुलांनी पाहिलेला २००६ चा ‘कार्स’ हा चित्रपट अशाच ओसाड पडलेल्या गावाची गोष्ट सांगतो.

सेलिगमनमध्ये एंजल डेलगाडिलो नावाचे न्हावी होते. दुकान वडिलोपार्जित. गिऱ्हाईक येईनासे झाले तेव्हा त्यांनी रस्ता परत मागितला नाही. तो मिळणार नव्हता. त्यांनी आणि गावकऱ्यांनी १९८७ मध्ये एक संघटना उभारली आणि राज्य सरकारकडून जुन्या रस्त्याच्या त्या तुकड्याला ‘ऐतिहासिक मार्ग’ हा दर्जा मिळविला. पाट्या लागल्या, नकाशे छापले गेले, केस कापण्याच्या दुकानात स्मरणवस्तू विकायला आल्या. ज्या रस्त्याने लोक पूर्वी कोठेतरी जाण्यासाठी येत, त्या रस्त्यासाठीच आता लोक येऊ लागले. न्हाव्याने भांडवल कोणते वापरले? आठवण. ताळेबंदात ती मालमत्तेच्या बाजूला कोठेही दाखविता येत नाही, पण तिच्यावर गाव उभे राहिले. अर्थात हेही सांगितले पाहिजे की, असे गाव शंभरांत एखादे. बाजूला पडलेली कित्येक गावे आज नकाशावर केवळ नाव म्हणून उरली आहेत.

पांढरकवड्याजवळ विकण्यासारखी आठवण कोणती? खरे तर येथे आठवणीपेक्षा जिवंत वस्तू आहे. टिपेश्वर अभयारण्य शेजारीच, १४८ चौरस किलोमीटरचे, टिपाई देवीच्या नावाचे. सुन्ना आणि माथनी ही त्याची प्रवेशद्वारे. सुट्ट्यांच्या दिवशी हैदराबादच्या क्रमांकांच्या गाड्या येथे पहाटेपासून लागतात. चौपदरी रस्त्याने ते शहर जवळ आणले. या जंगलातील वाघांपैकी एकाने तर महामार्गांचा विचारच न करता प्रवास केला. टी-१ सी-१ हा नर वाघ, फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधला गेला. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस तो निघाला. आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला असे जिल्हे ओलांडत, शेतांतून, नाल्यांतून, रस्ते पार करीत डिसेंबरात तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेराशे किलोमीटरहून अधिक चाल झाली होती. तेथेही तो कायमचा थांबला नाही. लोकांनी त्याचे नाव ‘वॉकर’ ठेवले. त्याला जोडीदारीण हवी होती आणि स्वतःचा मुलूख हवा होता. दोन्ही टिपेश्वरच्या दाटीत मिळेना. पेठेतून दुसऱ्या गावी दुकान मांडायला निघालेल्या धाकट्या भावाची कथा याहून निराळी नसते.

प्रश्न असा की, वाघ पाहायला येणारी गाडी पांढरकवड्याच्या बाजारात शिरते का? चौपदरी रस्त्यावरून ती थेट प्रवेशद्वाराकडे वळते, रात्री रिसॉर्टमध्ये मुक्काम, सकाळी परत. जंगल जिल्ह्याचे, रस्ता केंद्राचा, पर्यटक हैदराबादचा, आणि बाजार मध्येच बाजूला. हे चित्र बदलायचे तर सेलिगमनच्या न्हाव्यासारखे कोणीतरी पुढे यावे लागेल. सागाच्या लाकडी वस्तू, रानातील सीताफळ, चारोळी, कोलाम आणि गोंड कारागिरांच्या हातच्या वस्तू : माल नाही असे नाही. व्यापारी संघाची बैठक मात्र वळणरस्त्याच्या तक्रारीवर संपू नये.

या रस्त्यावर आणखी एक वर्ग आहे, त्याचा विचार रस्ता आखणाऱ्याने क्वचितच केलेला असतो : पायी चालणारा. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधु-साध्वींचा विहार सुरू होतो. पहाटेच्या अंधुक प्रकाशात, रस्त्याच्या अगदी कडेने, श्वेतवस्त्रांतील लहान समूह आणि मागे सायकल ढकलीत येणारा सेवक हे दृश्य या महामार्गावर नवे नाही. शेतकरी बाई डोक्यावर कापसाचे गाठोडे घेऊन दुभाजक ओलांडते, बैलगाडी लांबच्या भुयारी मार्गाचा फेरा टाळण्यासाठी उलट दिशेने येते. पूर्वीच्या दुहेरी रस्त्यावर कडुनिंब-चिंचेची सावली होती आणि वेग कमी होता. आता सावली गेली, वेग वाढला. विहाराच्या मार्गातील श्रीसंघांनी सोबत चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घातलेला स्वयंसेवक देण्याची प्रथा सुरू केली तर तिचा खर्च नगण्य आहे.

केळापूरचा टोल भरून गाडी पाटणबोरीकडे निघाली की कानांवर पडणारी बोली बदलू लागते. मराठी वाक्यात तेलुगू हेल येतो. आठवडी बाजारात गोंडी आणि कोलामीही ऐकू येते. दुकानदार भाषा बदलतो तसे भावही बदलत नाही, एवढे पाहून घ्यावे.

पिंपळखुटी हे महाराष्ट्राचे टोक. सीमा तपासणी नाका येथे, पलीकडे भोरजला तेव्हाच्या आंध्र प्रदेशाचा नाका होता. सी फॉर्म, वे बिल, शिक्के आणि रांगा. ज्यांनी विक्रीकराच्या काळात परराज्यात माल पाठविला आहे त्यांना या दोन नाक्यांवरच्या रात्री आठवत असतील. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, पुढच्या एप्रिलपासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आले आणि कराच्या शिक्क्यासाठी लागणारी रांग सरली. व्यापाऱ्याचे दिवस वाचले. त्या रांगेवर जगणारा चहावाला, बिछाना भाड्याने देणारा, रात्री फॉर्म भरून देणारा कारकून यांचे काय झाले, हे विचारण्याचे कारण कोणाला पडले नाही. त्यांनाही वळणरस्ताच लागला. फक्त तो डांबराचा नव्हता, संगणकाचा होता.

आणि पुढचा वळणरस्ता आखला जात आहेच. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्ग प्रस्तावित आहे, सुमारे ८०० किलोमीटरचा. त्याची आखणी यवतमाळ जिल्ह्यातूनही जाते. कोल्हापूरकडे शेतकऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला आहे. प्रवेश-नियंत्रित महामार्गाला गावे लागत नाहीत, फक्त चढण्या-उतरण्याची ठिकाणे लागतात. कोणत्या गावाला असे ठिकाण मिळते आणि कोणत्या गावाच्या डोक्यावरून रस्ता निघून जातो, एवढीच रेघ पुढच्या दोन पिढ्यांच्या धंद्याला पुरेशी आहे. ज्यांची दुकाने कळंबपासून पुढे त्या पट्ट्यात आहेत त्यांनी नकाशा पाहताना मोबदल्याच्या दराइतकेच लक्ष त्या ठिकाणांकडे द्यावे.

पैनगंगेच्या पुलावर सायंकाळी वारा असतो. कापसाने भरलेल्या पिकअप गाड्या आदिलाबादच्या बाजार समितीकडे निघालेल्या दिसतात. दोन रुपये भाव जेथे अधिक तेथे माल जातो, सीमा त्याला अडवीत नाही. पलीकडे पाट्यांची लिपी बदलते. २ जून २०१४ पूर्वी तेथे आंध्र प्रदेश लिहिलेले होते, आता तेलंगणा. कुलपाकजीच्या यात्रेला निघालेल्या कुटुंबांना अजून बराच पल्ला आहे. कार्तिकात सूर्यास्त पावणेसहाच्या आतच होतो आणि पुलापासून आदिलाबाद वीसेक किलोमीटर. ‘जैन थाळी मिळेल’ ही पाटी या टप्प्यात दिसेलच असे नाही. चौविहार पाळणाऱ्यांनी डबा पाटणबोरीलाच उघडलेला बरा.